एवढं होऊनही परत इलेक्ट्रिकच?

"एवढं होऊनही परत इलेक्ट्रिकच घेतलीत?" ब्लाउजचं माप देता देता हा प्रश्न येतो. छातीभोवती टेप असताना कोणाला काय बोलायला सुचेल सांगता येत नाही, पण माझ्या गाळ्यावर गेले काही महिने सगळ्यांना हेच सुचतंय. दारात नवी स्कूटर चार्जिंगला लावलेली दिसते, आणि जुनीची कथा गिऱ्हाइकांत इतकी फिरलीय की ज्या बायका मला ओळखतही नाहीत त्या ती मलाच सांगतात. त्यांच्या कथेत गाडीला आग लागते. आग लागली नव्हती. एकदाचं लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी मोबाइल पुढे करता येईल आणि मला दंडाचं माप शांतपणे घेता येईल.

आधी पैशांचं, कारण सोबत आलेल्या नवऱ्यांना तेच हवं असतं. पुण्यात पेट्रोल शंभरीच्या वर. माझी आधीची पेट्रोलची गाडी धायरी ते रविवार पेठ या गर्दीत लिटरला चाळीसच्या आसपास द्यायची, म्हणजे किलोमीटरला अडीच रुपये. इलेक्ट्रिक साडेतीन युनिटांत ऐंशी किलोमीटर जाते. युनिट दहा-बारा रुपये धरलं तर किलोमीटरला पन्नास पैसे. इथपर्यंत मी सगळ्यांना उत्साहाने सांगायचे. पुढचं सांगायचं टाळायचे: मी चार्जिंग गाळ्यावर करते, गाळ्याचं मीटर व्यापारी, आणि त्या मीटरवर युनिट याहून महाग पडतं. तरी पेट्रोलपेक्षा स्वस्तच, पण व्हॉट्सॲपवर फिरतो तेवढा फरक नाही.

घरी का करत नाही, हा लगेच पुढचा प्रश्न. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये लिहून दिलंय की घरच्या चालू कनेक्शनवर गाडी चार्ज करता येते. ते छापून मी आमच्या कमिटीपुढे ठेवलं. चेअरमन म्हणाले, "ताई, कनेक्शन तुमचं तिसऱ्या मजल्यावर, गाडी पार्किंगमध्ये. वायर काय गॅलरीतून सोडणार?" त्याच उन्हाळ्यात देशभर स्कूटरना आगी लागल्याच्या बातम्या होत्या, त्यातली एक आपल्या पुण्यातलीच, त्यामुळे मीटिंगमध्ये माझ्या बाजूने कोणी हात वर केला नाही. तो विषय तिथेच आहे. दर वार्षिक सभेत शेवटून दुसरा येतो आणि वेळ संपते.

आणि रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी किती जाते ते. कंपनी सांगते ते खोटं नसतं, पण ते कागदावरचं असतं. गाड्या तपासणारी संस्था एआरएआय आपल्याच वेताळ टेकडीवर आहे, पण तिथे जी चाचणी होते तिच्यात गाडी ताशी ४२ किलोमीटरच्या वर जातच नाही. मागे सासूबाई, पायाशी अस्तरांचा गठ्ठा आणि नवले पुलाकडचा चढ हे त्या चाचणीत नाही. मी जाहिरातीतल्या आकड्यातून पाव भाग वजा करते आणि सातारला माहेरी जायचं तर एसटी पकडते.

आता ती गोष्ट.

तुळशीचं लग्न झालं की आमच्या धंद्यात माणूस माणसाला ओळखत नाही. त्या दिवशी संध्याकाळी मी बोहरी आळीत लटकन आणायला गेले होते. डिकीत एका नवरीचं ब्लाउज होतं. पैठणीचं, साडीतल्याच ब्लाउजपीसचं, पाठीवर आरीवर्कचा मोर. आमच्या आरीवाल्याने रात्री जागून भरलेला. फक्त पाठीच्या नाडीला लटकन लावायचं बाकी, आणि रंग जुळवायचा म्हणून ब्लाउज सोबत घेतलेलं. दुकानात दाखवून ते परत डिकीत ठेवलं, कारण हातात पिशव्या होत्या. पैसे द्यायला आत गेले, बाहेर आले, तर गाडीची स्क्रीन काळी. बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं. आजूबाजूला हातगाड्या, टेम्पो, मागून हॉर्न, आणि माझी गाडी हँडल लॉक होऊन रस्त्यात आडवी. ढकलताही येईना.

डिकीला किल्ली नाही. ती बटणावर उघडते, बटण स्क्रीनवर, स्क्रीन बंद. शोरूममध्ये याच गोष्टीचं मला कौतुक वाटलं होतं, किल्ली सांभाळायची कटकट नाही म्हणून.

हेल्पलाइनवाली मुलगी गोड बोलत होती. "मॅम, ॲपमध्ये जाऊन डिकी ओपन करा." ॲप म्हणतं, वाहन ऑफलाइन आहे. "मॅम, मग वाहन एकदा रीस्टार्ट करून बघा." मी म्हटलं, बाई, ते सुरू झालं असतं तर तुला कशाला फोन केला असता? तिने तक्रार नोंदवली. नंबर आला. गाडी उचलायला माणूस दोन-तीन तासांत येईल असा मेसेज आला. इकडे नवरीच्या आईचा फोन. हळद सुरू होती, मागे ढोलकी ऐकू येत होती. "ताई, निघालात ना?" मी म्हटलं, निघाले. सकाळी साडेनऊचा मुहूर्त, आणि त्या कापडाचं दुसरं ब्लाउज होणार नव्हतं. साडीत एकच पीस येतो.

माणूस आला तेव्हा निम्मी दुकानं बंद झाली होती. टेम्पो चांगला मोठा. म्हणाला, गाडी यार्डात नेतो, उद्या अकराला सर्व्हिस सेंटर उघडलं की बघतील. मी म्हटलं, गाडी न्या, जाळा, काहीही करा, मला फक्त डिकी उघडून द्या. "मॅडम, डिकी उघडणं आपल्याकडे येत नाही." त्याचंही बरोबरच होतं. त्याला उचलायचे पैसे मिळतात.

समोरच्या बोळात एक बॅटरीचं दुकान शटर अर्धं ओढून चालू होतं. तिथला पोरगा एवढा वेळ बघत होता. उठून आला, म्हणाला, "काकू, ही मोठी बॅटरी नाही गेलेली. हिच्यात एक छोटी असते, बारा व्होल्टची. ती मेली की मोठी भरलेली असूनही गाडी उठत नाही." मोठी बॅटरी चाक फिरवते, पण तिला जागं करायचं काम, दिवे, स्क्रीन, लॉक हे सगळं त्या छोटीवर. मी ही गोष्ट तोवर ऐकलीही नव्हती, आणि शोरूममध्ये मला डिस्प्लेवर गाणी कशी लावायची हे मात्र बराच वेळ शिकवलं होतं. टेम्पोवाला म्हणाला, हात लावू नका, वॉरंटी जाईल. पोराने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, खोल.

पुढच्या पॅनलचे स्क्रू निघाले. त्याने स्वतःची बाइक शेजारी आणून लावली, तिच्या बॅटरीवरून दोन वायरी घेतल्या, आत कुठेतरी टेकवल्या. स्क्रीन लागली. बॅटरी ६८ टक्के. आणि लाजिरवाणी गोष्ट म्हणजे गाडीने 'वेलकम' म्हटलं. डिकी खट्कन उघडली. ब्लाउज काढून मी रिक्षात बसले आणि लटकन रिक्षातच टाचलं. नवरीच्या आईने दारातच हातातून घेतलं, आत या असंही म्हणाली नाही. त्यानंतर त्या घरातलं एकही काम माझ्याकडे आलेलं नाही. कोणाकडे तक्रार करणार? ब्लाउज वेळेत मिळालं होतं.

सर्व्हिस सेंटरने अपेक्षेप्रमाणे सांगितलं की बाहेरच्या माणसाने पॅनल उघडलंय, हे वॉरंटीत बसत नाही. छोट्या बॅटरीचे पैसे मीच भरले. ते फार नव्हते. पण ती येईपर्यंत गाडी त्यांच्या आवारात तशाच धुळकट गाड्यांच्या रांगेत उभी, आणि मी ऐन सीझनमध्ये रिक्षा करत. हातात आल्यावर विकली. मिळालेली किंमत सांगत नाही, नवऱ्याने अजून विचारायचं सोडलेलं नाही.

मग परत इलेक्ट्रिकच का?

हे लिहायला घेतलं तेव्हा वाटलं होतं की उत्तर माझ्याकडे तयार आहे. तयार उत्तर असं: नडली ती छोटी बॅटरी, लॉक आणि वागणूक, मोठी बॅटरी नव्हे. दगा लोकांनी दिला, मोटरने नाही. खरंय. पण त्या रात्री नवरीच्या आईला मी हे समजावू शकले असते का? डिकी बंद ती बंद.

दुसरं तयार उत्तर यूपीआयचं. तेही अडकतं, पैसे कापले जातात आणि समोरच्याला पोहोचत नाहीत, म्हणून आपण सोडलं का? हे मी बऱ्याच जणींना ऐकवलंय. मग एकदा माझ्याकडे हुक-काज करणारी मावशी म्हणाली, "तुमच्या गल्ल्यात रोकड असते म्हणून तुम्हाला चालतं." त्यावर मला उत्तर आलं नाही. यूपीआय पडलं तर नोटा आहेत. त्या डिकीला नोटा नव्हत्या.

२०२२ ची मी तर भलतीच होते. एसटीची पहिली इलेक्ट्रिक बस, शिवाई, १ जूनला पुण्याहून नगरला गेली, त्याच सुमारास मी गाडी घेतली, आणि आपण जगाच्या पुढे आहोत अशा तोऱ्यात पंपावरची रांग बघायचे. सरकार तेव्हा बॅटरीच्या दर किलोवॉट-अवरला, म्हणजे एका युनिटमागे, १५,००० रुपये सबसिडी देत होतं. ती जून २०२३ मध्ये उतरली, आणि मी २०२५ मध्ये दुसरी घेतली तेव्हा २,५०० वर आलेली. म्हणजे स्वस्तात मिळाली म्हणून घेतली, हे यावेळी म्हणायचीही सोय नाही.

खरं कारण कदाचित एवढंच आहे: दिवसभर मशीनची मोटर घरघरत असते, मनगटात मुंग्या येतात, आणि संध्याकाळी घरी जाताना बुडाखाली काही थरथरत नाही हे मला फार आवडतं. पेट्रोलची एक गाडी मी चालवून बघितली. चांगली होती. सिंहगड रोडच्या सिग्नलपर्यंत गेले आणि हँडलची थरथर परत दंडापर्यंत आली. हे कारण म्हणून कोणाला पटत नाही. मुलगा याला हट्ट म्हणतो. असेल. मी त्याच्याशी वाद घालते, पण मनातून नाही.

नव्या गाडीच्या डिकीला किल्लीचं भोक आहे, ते बघूनच घेतली. दुसऱ्या कंपनीची आहे. डिलिव्हरीच्या दिवशी पेढे वाटून झाल्यावर मी शोरूमच्या पोराला विचारलं, हिची बारा व्होल्टची बॅटरी कुठे असते, आणि ती मेली तर बाहेरून करंट कुठे द्यायचा? त्याला माहीत नव्हतं. त्याने आत फोन लावला. आतल्यालाही माहीत नव्हतं. "ॲपमध्ये असेल मॅम," तो म्हणाला. मी सही केली आणि गाडी घेऊन आले.