अविश्वास ठराव आणि विषय क्रमांक चार

काही आठवड्यांपूर्वी परत एकदा नगराध्यक्षांवरच्या अविश्वास ठरावाच्या नोटिसा टाइप केल्या. या पालिका मंडळातली ही तिसरी वेळ.

मी पालिकेत यूडीसी, म्हणजे वरिष्ठ लिपिक आहे, सर्व्हिसला चोवीस वर्षं होत आली. जन्म-मृत्यू, घरपट्टी, ट्रेड लायसन्स असं करत करत आता बैठकांचं टेबल माझ्याकडे आलंय, म्हणजे अजेंडा काढायचा, नोटिसा पोचवायच्या, इतिवृत्त लिहायचं. पालिकेचं नाव लिहीत नाही, नोकरी आहे. आणि खरं सांगायचं तर गोव्यात तेरा नगरपालिका आहेत, पणजीची महापालिका वेगळी, यातल्या बऱ्याच ठिकाणच्या माणसांना हे वाचून आपलीच पालिका वाटेल.

नोटीस प्रत्येक नगरसेवकाला मिळाली याचा पुरावा लागतो, नाहीतर पुढे कोणीतरी कोर्टात जातो आणि सगळी बैठकच अडकते. म्हणून सकाळी शिपाई भाऊ गेले आणि अकराच्या सुमारास त्यांचा फोन आला, बाई, सहा घरं बंद आहेत, फोन पण लागत नाहीत. आता हे आम्हाला नवीन नाही, ठरावावर सह्या झाल्या की सह्या करणाऱ्यांना मतदानापर्यंत कुठेतरी नेऊन ठेवतात, कुठल्या रिसॉर्टवर, कधी राज्याबाहेर. मग दारावर नोटीस चिकटवायची, फोटो काढायचा, शेजारच्या दोघांच्या पंच म्हणून सह्या घ्यायच्या. शेजारी सही करायला घाबरतात म्हणून दुपारी मी स्वतः बरोबर गेले. पाऊस धो धो, एका दारावर गोंद धरेना, शेवटी सेलोटेप लावली, तीही ओलीच.

त्या सहांपैकी शेवटचं घर दुपारी उघडं होतं. नगरसेवकाची आई एकटीच होती, तिने आम्हाला आत बसवलं, पाणी दिलं, नोटीस घेतली पण वाचली नाही. माझा हात धरून विचारलं, "बाये, म्हजो पूत बरो आसा न्ही?" तिला वाटलं आम्ही ऑफिसातली माणसं म्हणजे आम्हाला ठाऊक असणार तो कुठे आहे. चार दिवस फोन नाही म्हणाली. मी म्हटलं बरा आहे हो आई, बैठकीला येणार तो. मला काहीच माहीत नव्हतं. घरी येऊन जेवण गेलं नाही.

हे असं का होतं ते लोक मला नेहमी विचारतात. आमच्याकडे नगराध्यक्ष थेट लोकांमधून निवडला जात नाही, नगरसेवक आपल्यातलाच एक निवडतात आणि बहुमत फिरलं की तेच त्याला काढू पण शकतात. निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, पॅनल असतात, पाठीमागे कोण आहे ते गावाला माहीत असतं पण कागदावर प्रत्येकजण अपक्ष. त्यामुळे आमदारांना लागतो तो पक्षांतरबंदी कायदा इथे लागूच होत नाही, आज या गटात, उद्या त्या गटात, कोणाचं पद जात नाही. त्यात निवडणुकीनंतर आपापसात तोंडी ठरतं की अमुक महिने तू, मग मी. हे ठरलेलं कुठल्या इतिवृत्तात नसतं, पण खुर्ची सोडायची वेळ आली की सगळं भांडण त्यावरूनच. २०२२ साली मडगावात नगराध्यक्ष निवडीच्या गुप्त मतदानात धक्कादायक निकाल लागला, त्यानंतर सरकारने वटहुकूम काढून हात वर करून मतदान आणलं. कोणी कुणाला मत दिलं ते आता उघड दिसतं. पळवापळवी थांबली नाही, उलट मला वाटतं वाढली, कारण आता हात वर होईपर्यंत माणूस नजरेआड होऊ द्यायचा नाही असं झालंय.

सगळेच तसे नाहीत, हेही लिहायला हवं. आमच्या एक नगरसेविका आहेत, सकाळी साडेसातला वॉर्डात फिरून बंद पडलेल्या पथदिव्यांचे खांब नंबर लिहून आणतात आणि नऊ वाजता माझ्या टेबलावर ठेवतात. नगराध्यक्ष कोणीही असो, त्यांची चिठ्ठी येतेच. नोटिसा निघाल्या त्या दिवशी त्याही ऑफिसात आल्या आणि गप्प बसून राहिल्या.

माझा जीव अडकलाय तो मात्र वेगळ्याच गोष्टीत. झाडूकामाचे कामगार कंत्राटावर आहेत, कंत्राटाची मुदत संपली, मुदतवाढीला मंडळाचा ठराव लागतो. तो विषय अजेंड्यावर चार नंबरला होता. पहिली बैठक कोरम नाही म्हणून तहकूब. दुसरी सुरू झाली आणि विषय क्रमांक दोनवर आरडाओरडा होऊन अर्धे बाहेर गेले. ठराव नाही म्हणून कंत्राटदाराचं बिल नाही, बिल नाही म्हणून तो पगार देत नाही, आणि रस्ता तर रोज झाडला जातोय. मार्केटचा रस्ता झाडणारी एक बाई आहे, पहाटे पाचला येते, सोपो, म्हणजे बाजारात बसणाऱ्यांकडून घ्यायची फी, वसूल करणारे यायच्या आत तिचा अर्धा रस्ता झालेला असतो. ती रोज दहाला कामावरून सुटली की माझ्या काउंटरला येऊन उभी राहते, "बाये, आमचो पगार केन्ना जातलो?", म्हणजे आमचा पगार कधी होणार. एक दिवस तिने पिशवीतून मुलाची शाळेची वही काढून दाखवली. मागच्या पानावर रोजची एक उभी रेघ, पाच झाल्या की आडवी. दोन महिन्यांच्या रेघा. लिहिता येत नाही तिला, पण एक दिवस सुटलेला नाही, रविवारची रेघ सुद्धा आहे. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी जवळ आली, मातोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांचं सामान घ्यायला पैसे नाहीत म्हणाली, आणि मार्केटात मातोळीच्या बाजाराचा कचरा तीच उचलणार आहे.

मी हे मुख्याधिकाऱ्यांना सांगितलं. ते तरी काय करणार, दुसऱ्या पालिकेचाही चार्ज त्यांच्याकडेच आहे, आठवड्यातून दोन दिवस इथे असतात. खूप राग येतो मला, अगदी रडू येईपर्यंत. खुर्चीसाठी जे वीस-बावीस दिवस जातात ते या बाईच्या वहीतले असतात, आणि सभागृहात एकाच्याही तोंडून तो विषय निघाला नाही.

अविश्वास ठरावाची बैठक झाली. बंद घरांमधले सगळेजण एकाच गाडीतून आले, सहा जण, थकलेले, दाढी वाढलेली. त्या आईचा मुलगा पण होता, तिला फोन करा असं मी त्याच्या कानात सांगितलं, त्याने मान हलवली. हात वर झाले, मी नावं लिहून घेतली, ठराव मंजूर. आठवड्याने नवे नगराध्यक्ष निवडून आले, हार, फटाके, दिवसभर केबिनमध्ये गर्दी. गर्दी कमी झाल्यावर संध्याकाळी पाच वाजता मी ती फाईल घेऊन आत गेले, सगळं सांगितलं, वहीचंही सांगितलं. ते म्हणाले, पहिल्या बैठकीत घेऊया.

बैठक शुक्रवारी आहे. आज अजेंडा टाइप करताना मी तो विषय चारवरून एक नंबरवर घेतला, मुख्याधिकाऱ्यांनी काही न बोलता सही केली. नोटिसा उद्या सकाळी निघतील, भाऊंना म्हटलंय मी पण येते बरोबर.