तुम्ही विचारलंत म्हणून: घरातलं मिलिंग मशीन

“काका, घरात बसेल असं छोटं मिलिंग मशीन घ्यायचंय, कुठलं घेऊ?” हे मला वरचेवर विचारलं जातं. मिलिंग म्हणजे फिरत्या दातेरी कटरने धातू कापून आकार देणारं मशीन. विचारणारे बहुतेक दोन प्रकारचे असतात. एक, मुंबई-पुण्याच्या कारखान्यांतल्या टूलरूममध्ये उमेदीची वर्षं घालवून कोकणातल्या गावी परतलेले, ज्यांचे हात स्वस्थ बसत नाहीत. दुसरे, पडवीत आधीच लेथ मांडून बसलेले तरुण. बोटीच्या इंजिनाचं, पंपाचं, ग्रासकटरचं काहीबाही त्यांच्याकडे येतच असतं. दोघांनाही मी आधी उलटं विचारतो, रस्त्यापासून तुमच्या घरापर्यंत पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, केवढी आहे?

हसू नका. छोटं मिलिंग वजनावर घ्यायचं असतं. मोटर किती वॉटची, स्पीड किती, रंग कुठला, हे सगळं नंतर. एंड मिलचा (मिलिंगच्या दातेरी कटरचा) एकेक दात धातूत शिरतो तेव्हा दर वेळी धक्का बसतो. तो धक्का पचवायला बिडाचं वजन लागतं. वजन नसेल तर कॉलम (मशीनचा उभा खांब) थरथरतो, फिनिश खरखरीत येतं आणि कटरचे दात उडतात. मोटर दुप्पट ताकदीची घातली तर थरथर वाढते, कमी होत नाही.

बाजारात दिसणारी बहुतेक छोटी मशीनं चिनी घडणीची असतात. सीग कंपनीचे एक्स-१, एक्स-२, एक्स-३ हे नमुने आणि त्यांच्यासारखी वेगवेगळ्या नावांनी विकली जाणारी. सगळ्यात लहान एकटा माणूस उचलतो. घड्याळाचे, हार्मोनियमचे भाग, लहान मॉडेल इंजिन यांना ते चालेल, लोखंडाला नाही. त्यावरचं साधारण ५५-६० किलोचं. मग शंभरीच्या पुढचं, आणि एक्स-३च्या मापाचं दीडशेच्या वर. माझं मत विचाराल तर शंभरीच्या आसपासचं घ्या. रस्ता दारापर्यंत येत असेल तर दीडशेच्या वरचं घ्या, पैसे वाया जाणार नाहीत.

आता पाखाडी. जांभ्याच्या ओल्या पायऱ्या, मध्येच वळण, वरून फणसाची फांदी. तिथून दीडशे किलोचं खोकं पालखीसारखं नाचवत नेता येत नाही. पण ही मशीनं सुटी होतात: हेड (मोटर आणि कटर असलेला वरचा भाग) वेगळं, कॉलम वेगळा, टेबलासकट बेस वेगळा. दोन-दोन माणसांच्या तीन फेऱ्यांत काम होतं. परत जोडल्यावर मात्र हेड टेबलाला काटकोनात आणावं लागतं. स्पिंडलला (कटर फिरवणाऱ्या दांड्याला) लिव्हर डायल (बारीकसा फरकही सुईने दाखवणारं माप) बांधून टेबलावर गोल फिरवायचा आणि चारी बाजूंना सुई एकच आकडा दाखवेपर्यंत कॉलमखाली पत्र्याच्या चकत्या सरकवायच्या. एक संध्याकाळ जाते, जाऊ द्या.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुनं टरेट मिलिंग (हेड फिरवता येणारं मोठं मशीन) स्वस्तात मिळतंय म्हणून कुणी हरखून येतो. मशीन उत्तमच असतं. पण ते साधारण टनाच्या घरातलं, थ्री फेजवर चालणारं, आंबा घाटातून टेम्पोने उतरवायचं आणि खाली पक्का काँक्रीटचा पाया हवा. ज्याच्याकडे हे सगळं आहे तो मला विचारायला येत नाही.

दुकानात गेलात तर लिव्हर डायल खिशात ठेवा. त्याचा स्टँड टेबलावर ठेवून टोक स्पिंडलला टेकवा आणि हेड हाताने ढकला. सुई थोडी हलणारच, पण हात काढल्यावर ती जागेवर यायला हवी. जे मशीन तुमच्या हाताने वाकतं ते कटरपुढे काय टिकणार? ज्याचा कॉलम डावी-उजवीकडे कलता करता येतो ते टाळा. सगळा कॉलम एका मोठ्या नटावर तोललेला असतो आणि तीच त्याची कमजोरी. तिरपं भोक वर्षातून एकदा पाडायचं असतं, त्याला व्हाइसमध्ये (शिकंजात) जॉबच (कामाचा तुकडाच) तिरपा धरावा. गोल खांबाचं मिल-ड्रिलही (मिलिंग आणि ड्रिल दोन्ही करणारं) नको. ड्रिल काढून बोअरिंग बार (भोक मोठं करायचं हत्यार) लावायला हेड वर घेतलं की ते खांबाभोवती फिरतं आणि भोकाचं सेंटर पुन्हा शोधत बसावं लागतं.

स्पिंडलचा टेपर (हत्यार बसवायची निमुळती खोबण) एमटी-३ मापाचा असतो किंवा आर-८. एमटी-३ घट्ट धरतो, सोडवायला ड्रॉबारवर (हत्यार वरून ओढून धरणाऱ्या लांब बोल्टवर) हातोडी घालावी लागते आणि ती बेअरिंगला लागते. आर-८ हलक्या टिचकीने सुटतो. मिळालं तर आर-८ घ्या. कुठलाही असला तरी त्यात ईआर-३२ कोलेट चक (कटर चहूबाजूंनी आवळणारी पकड) बसवा आणि त्यावरच राहा. एंड मिल ड्रिल चकमध्ये धरू नका, आडव्या जोराने चक टेपरमधून निसटतो.

स्पीडचं गणित सोपं आहे. एमएसवर (साध्या लोखंडावर) एचएसएस (हायस्पीड स्टीलच्या) कटरची धार मिनिटाला साधारण २५ मीटर चालते, म्हणजे १० मिमी एंड मिलला ८०० आरपीएमच्या आसपास. ५० मिमीचा फ्लायकटर (एकाच दाताचा रुंद कटर) लावलात तर १६०. तेव्हा जास्तीत जास्त स्पीड किती यापेक्षा कमीत कमी स्पीडला मशीन जोर धरतं का, ते दुकानदाराला चालवून दाखवायला सांगा.

ब्रशलेस मोटरची मशीनं गोड चालतात, पण त्यांचा जीव एका इलेक्ट्रॉनिक बोर्डात असतो. आपल्याकडे जूनमध्ये वारा सुटला की वीज जाते, येते, परत जाते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडच्या कित्येक वाड्या किती दिवस अंधारात होत्या, ते सांगायला नको. वीज गेली की स्विच आपणहून पडला पाहिजे आणि आल्यावर मशीन आपोआप सुरू होता कामा नये. सुटा बोर्ड मिळतो का, हे पैसे देण्याआधी विचारा. आणि अर्थिंग! जांभ्याच्या कातळात ते नीट लागत नाही. मीठ-कोळशाचा खड्डा करा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालत जा.

गंजाबद्दल मात्र कितीही सांगितलं तरी कमीच. घाटावरच्या माणसाला हे कळत नाही. आपल्याकडे खारा वारा बारा महिने आणि पावसाळ्यात भिंतीलाही पाझर. रात्री गार पडलेल्या बिडावर सकाळची दमट हवा टेकली की दव धरतं आणि दुपारपर्यंत टेबलावर तांबूस ठिपके उठतात. मशीन प्लास्टिकने गुंडाळू नका, आत घाम धरतो. वर सैल लाकडी खोकं घाला आणि त्यात जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब लावून ठेवा. बीड हवेपेक्षा जरासं गरम राहिलं की दव धरत नाही. स्लाइडला (टेबलाच्या सरकत्या भागांना) ६८ नंबरचं स्लाइडवे ऑइल, टेबलावर ग्रीसचा पातळ हात. खोबरेल नको, ते चिकट होऊन बसतं. पाण्यात मिसळायचं कूलंट पावसात अजिबात नको, ब्रशने कटिंग ऑइल लावलं की पुरतं. आणि घामेजल्या हाताने टेबलावर टेकू नका, दुसऱ्या दिवशी पाचही बोटं उमटलेली दिसतात.

पैशांचं म्हणाल तर मशीनच्या किमतीच्या निम्मे बाजूला ठेवा. व्हाइस, पॅरलल (जॉबखाली ठेवायच्या समांतर पट्ट्या), कोलेट, कटर, डायल यांत ते जाणारच. डीआरओ (टेबल किती सरकलं ते आकड्यांत दाखवणारा डिजिटल पडदा) नंतर लावता येतो, चांगला व्हाइस मात्र पहिल्या दिवशी हवा. पुलीच्या भोकातली की-वे (चावी बसायची खाच) या मशीनवर होणार नाही, ते स्लॉटिंगचं काम. शाफ्टवरची होते. गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाका.

पहिलं काम म्हणून टी-नट (जॉब आवळायला टेबलाच्या खाचेत बसणारे नट) करा. बाजारातले बहुतेक मोठ्या मशीनचे असतात, आपल्या टेबलाच्या अरुंद खाचांत जात नाहीत. एमएसची पट्टी घ्या, चौरस करा, खांदे काढा, टॅप मारून आटे पाडा. मात्र टॅप खालपर्यंत आरपार मारू नका, शेवटचा आटा अर्धवट ठेवा. नाहीतर स्टड (त्यात फिरवायचा आट्यांचा दांडा) नटातून खाली उतरून खाचेच्या तळाला टेकतो, नट वर उचलला जातो आणि आवळता आवळता टेबलाचा ओठच तुटतो.