आजार किडनीचा, मग हृदय कसं थांबलं?

बाबांना जाऊन बरेच महिने झाले, तरी फोन येतात. "डायलिसिस वेळेवर होत होतं ना? मग अटॅक कसा आला? हृदयाकडे लक्ष द्यायचं राहिलं का?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहिते.

अटॅक असावा असं वाटत नाही. आधी अँजिओग्राफी झाली होती, हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होत्या. बिघडला असणार तो ठोका. हृदयाचा ठोका विजेच्या बारीक संदेशावर पडतो आणि त्या संदेशाला रक्तातलं पोटॅशियम मापात लागतं, लिटरमागे साधारण 3.5 ते 5 मिलिमोल. जास्तीचं बाहेर टाकायचं काम मुख्यतः किडनीचं. ती थकली की ते रक्तात साठत जातं आणि बरेचदा बाहेरून काही कळत नाही.

आमच्याकडेही कळलं नाही. बाबांचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार. एका सोमवारी पहाटे ते म्हणाले, "पायांत जीवच नाही गं." छातीत दुखत नव्हतं, घाम नव्हता. नाडी धरली तर दोन ठोक्यांमध्ये इतका वेळ जात होता की मी बोट हलवून पुन्हा शोधत राहिले. भर पावसात कणकवली गाठली. ईसीजीचा कागद यंत्रातून बाहेर येत होता, त्यावर तंबूसारखी उंच, टोकदार शिखरं. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि रक्ताच्या रिपोर्टची वाट न बघता कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून हळूहळू द्यायला घेतलं. त्यांची नजर मॉनिटरवर, माझी त्यांच्या अंगठ्यावर. काही मिनिटांत ती शिखरं बसायला लागली. मग इन्सुलिन आणि ग्लुकोज, नेब्युलायझर, आणि लगेच डायलिसिस. रिपोर्ट नंतर आला: पोटॅशियम 7.6. डॉक्टर म्हणाले, "कॅल्शियमनं पोटॅशियम उतरत नाही, हृदयाला तेवढा वेळ मिळतो. इन्सुलिन ते पेशींत ढकलतं. शरीराबाहेर काढणार ते डायलिसिसच."

आदल्या दिवशी रविवारी काका शहाळी घेऊन आले होते. मी नको म्हटलं. "शाळ्याच्या पाण्यान काय होतला गो?" असं म्हणत त्यांनी कोयत्यानं तोंड उडवून दिलं. बाबांना दिवसाचं पाणी मोजून मिळायचं, घसा कायम कोरडा. दोन शहाळी प्यायले. वर चार गरे. शहाळ्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात साधारण 250 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. जुलाब झालेल्याला जे तारतं, तेच इथे उलटतं.

तेव्हा मी सगळं खापर काकांवर फोडलं. आज तसं बोलवत नाही. शुक्रवार ते सोमवार हा डायलिसिसमधला सगळ्यात लांब खंड. अमेरिकेतल्या रुग्णांच्या 2011 साली छापून आलेल्या मोठ्या अभ्यासात या खंडानंतरच्या दिवशी मृत्यू जास्त दिसले. बाबांची बीपीची गोळी पोटॅशियम वाढवणाऱ्यांपैकी होती, पण तीच हृदयाला हवीही होती. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबानं हृदयाचा स्नायू जाड झालेला, आणि अशा स्नायूत ठोका भरकटायला निमित्त पुरतं. मग शहाळ्यांचा वाटा किती?

त्या खेपेला बाबा वाचले. गेले ते पुढे, झोपेत, असाच रविवार उलटून. त्या रात्री ना ईसीजी निघाला, ना रक्त तपासलं. त्या दिवशी शहाळं नव्हतं, फणस नव्हता. भाजीसुद्धा उकडून पाणी टाकून दिलेली. म्हणून "लक्ष द्यायचं राहिलं का" हे ऐकलं की मला राग येतो, आणि येणारच.

काका, त्या पावसाळ्यानंतर तुम्ही आमच्या खळ्यात पाऊल ठेवलं नाहीत. बाबा तुमची वाट बघायचे. त्या दोन शहाळ्यांनीच झालं असं मी आता म्हणत नाही. त्यांनी काहीच झालं नाही, असंही तुमच्या समाधानासाठी म्हणणार नाही. पण घरी या.