एका घरात दोन टोकनवाले

दिवाळीला चुलतभाऊ नागपूरहून आला तेव्हा रूम बदलताना उरलेला जुना राऊटर पिशवीत टाकून घेऊन आला. म्हणे गोठ्यावरच्या कॅमेऱ्याला रेंज भेटत नाही ना, हा लाव तिकडं, फुकटात काम होते. आमच्या घराची रचना अशी की समोरच्या खोलीत फायबरवाल्याचा राऊटर, मग आंगण, मग विहीर आणि तिच्या पलीकडं गोठा. मी पण उत्साही माणूस, तीस मीटर केबल आणली, विहिरीच्या कडेनं पाइपातून ओढली, तिकडच्या राऊटरला तेच वायफायचं नाव, तोच पासवर्ड दिला म्हणजे फिरताना मोबाइल आपोआप पकडते. कॅमेरा लागला. रात्री सगळ्यांनी गोठ्यातले बैल मोबाइलवर पाहिले, जसे काही कधी पाहिलेच नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून घरात भांडण.

आईच्या मोबाइलवर वायफायच्या पूर्ण कांड्या, बाजूला बारीक उद्गारचिन्ह, नेट नाही. त्याच खाटेवर बसलेल्या काकूचं मात्र मस्त चालू. सकाळी टीव्ही चालला, संध्याकाळी बंद. "काहून बंद पडलं रे नेट? काल तं चालू होतं," हे मी दोन दिवसात किती वेळा ऐकलं याचा हिशेब नाही. काका म्हणे लाइन डिम आहे म्हणून. बाबा म्हणे रिचार्ज संपला असंन. कस्टमर केअरवाला म्हणे राऊटर बंद करून चालू करा. आणि गंमत म्हणजे तसं केल्यावर कधीकधी खरंच चालू होत होतं, त्यामुळं लय वेळ वाया गेला, कारण पूर्ण बंद पडलेली वस्तू लवकर सापडते, कधी चालू कधी बंद असलं की माणूस चक्रावते.

शेवटी वैतागून दोन्ही मोबाइल बाजूबाजूला ठेवले आणि सेटिंगमध्ये वायफायच्या नावावर टिचकी मारून आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कमधला त्या मोबाइलचा नंबर, पाहिला. काकूचा १९२.१६८.१.७. आईचा १९२.१६८.०.१०३. तिसऱ्या आकड्याकडं पाहा, एकीकडं १, एकीकडं ०. तिथंच डोक्यात उजेड पडला.

झालं काय ते सांगतो. कापूस खरेदी केंद्रावर गाडी घेऊन गेलं की गेटवर टोकन भेटते ना, तसंच आहे. मोबाइल वायफायला जुळला की पहिले ओरडतो, कोणी आहे का, मला नंबर द्या. राऊटर म्हणतो हा घे. मोबाइल म्हणतो बरं, हाच घेतो. राऊटर म्हणतो पक्का. चार निरोप, बस. याला डीएचसीपी म्हणतात. नंबरासोबत अजून दोन-तीन गोष्टी सांगितल्या जातात, बाहेर जायचं दार म्हणजे गेटवे कोणता, वेबसाइटचं नाव कोणाला विचारायचं आणि टोकनाची मुदत किती. मुदत बऱ्याच राऊटरमध्ये एक दिवसाची असते, आणि अर्धी सरली की मोबाइल गुपचूप वाढवून घेतो, आपल्याला पत्ताही लागत नाही.

आता आमच्या घरात गेटवर दोन टोकनवाले बसले होते. मोबाइलची हाक दोघांनाही ऐकू जात होती, आणि ज्याचं उत्तर पहिले आलं त्याचं टोकन मोबाइल घेत होता. समोरच्या राऊटरनं दिलं तर ठीक. गोठ्यातल्यानं दिलं तर तो सांगे बाहेरचं दार माझ्याकडं आहे, आणि त्याच्या दाराला म्हणजे वॅन पोर्टला तर वायरच नव्हती! आईचा मोबाइल बिचारा बंद दाराशी उभा.

१९२.१६८ ची भानगड पण सांगून टाकतो, कारण पुतण्यानं विचारलं होतं की मित्राच्या घरी पण हाच नंबर आहे, मग गोंधळ नाही होत का. नाही होत. जुन्या पद्धतीचे एकूण नंबरच साधारण ४२९ कोटी, जगाला पुरणार कुठून, २०११ च्या फेब्रुवारीत वरच्या पातळीवरचा साठा वाटून संपला. पण १९९६ सालीच काही नंबर घरगुती वापराला म्हणून पक्के राखून ठेवले होते, कोणीही वापरा, फक्त घराबाहेर चालत नाहीत. गावोगावी मारुतीचं मंदिर असते तसं घरोघरी १९२.१६८.१.१. बाहेर जाताना राऊटर सगळ्यांना आपला एकच नंबर लावतो.

तर दुरुस्ती. गोठ्यातला राऊटर घरात आणला, लॅपटॉप केबलनं थेट जोडला, ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकलं, डीएचसीपी बंद केलं, सेव्ह केलं. आणि इथं मी गाढवपणा केला. आता लॅपटॉपला टोकन देणारं कोणी उरलंच नाही, त्याला नंबर आला १६९.२५४ वाला. हा कोणी दिलेला नसते, कोणीच उत्तर देत नाही म्हटल्यावर मशीन स्वतःच घेते, तुम्हाला कधी दिसला तर समजायचं की राऊटरपर्यंत हाक पोचून नाही राहिली. मग लॅपटॉपला हातानं १९२.१६८.०.१० दिला, परत आत घुसलो आणि त्या राऊटरचा स्वतःचा नंबर १९२.१६८.१.२ केला. खरं तं हे पहिले करायचं होतं आणि डीएचसीपी नंतर बंद. नंतर केबल परत लॅन पोर्टमध्येच, म्हणजे घरातल्या वायरी लावायच्या भोकात, लावली, सगळ्या मोबाइलचं वायफाय एकदा बंद-चालू केलं, झालं.

पण कॅमेरा अजून त्रास देत होता. लाइट गेली की बरेचदा गायब. त्याचं कारण वेगळंच निघालं. लावणाऱ्या पोरानं कॅमेऱ्यातच १९२.१६८.१.५ टाईप करून ठेवला होता, राऊटरला न विचारता. लाइट आली की समोरचा राऊटर सगळं विसरून कोऱ्या वहीनं सुरू व्हायचा, कॅमेरा तोवर चालू झालेलाच नसायचा, आणि ५ नंबर कोणाच्या तरी मोबाइलला वाटला जायचा. मग कॅमेरा उठला की एका टोकनावर दोन गाड्या. आता वाटायचे नंबर २० पासून २०० पर्यंत केले, कॅमेऱ्याला आपोआप नंबर घ्यायला लावला आणि त्याच्या मॅक ॲड्रेसवर, म्हणजे कंपनीनंच टाकलेल्या ओळखीच्या नंबरावर, राऊटरमध्येच १९२.१६८.१.५० राखून ठेवला. मॅक कॅमेऱ्याच्या बुडाशी स्टिकरवर असते, शेणाचे शिंतोडे पुसून वाचा लागला. मोबाइलच्या बाबतीत मात्र स्टिकरवर किंवा डब्यावर भरोसा ठेवू नका, नवीन मोबाइल वायफायला खोटा मॅक दाखवतात, वायफायच्या सेटिंगमध्ये जो दिसते तो घ्या.

मागच्या आठवड्यात परत नेट गेलं. आईनं मोबाइल माझ्यासमोर धरला आणि स्वतःच म्हणाली, "एक वाला नंबर दिसून राह्यला, झिरो नाई." राऊटरकडं गेलो तर लाल लाइट. पाराजवळ पाहतो तं कापसाची ट्रॉली पार वरपर्यंत भरून गेलेली, आणि खांबावरची फायबरची वायर तुटून रस्त्यावर लोंबत होती. लाइनमन दोन दिवसांनी आला.