तीन बापू आणि एक यादी

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरवाशिणी गावी येतात, म्हणून आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आखाजीच्या दुसऱ्या दिवशी धरला. ती वेळ चुकली की पोरी पुन्हा वर्षभर एका जागी सापडत नाहीत. पोरं तर निम्मी सुरतला, उरलेली पुण्या-नाशकात, दोघं मस्कतला. व्हॉट्सॲपवर गट आहे, पण तो अलीकडच्या तुकड्यांचा. जुन्यांचे नंबर केव्हाच बदललेत. त्यांचे ईमेल मात्र होते, आणि ते सगळे एकाच माणसाकडे, नानांकडे.

नाना म्हणजे आमचे इंग्रजीचे सर. निवृत्त झाल्यावर मुलाने त्यांना डेस्कटॉप घेऊन दिला आणि त्यात थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम टाकून दिला. तेव्हापासून दिवाळीला, निकालाला, कुणाच्या नोकरीला नाना मेल करतात आणि पोरं उत्तर देतात. मेल पॉप पद्धतीने उतरवून घेतलेले, सर्व्हरवरून पुसलेले. म्हणजे सगळा ठेवा त्या एका मशीनमध्ये. मोबाइलवर लॉगिन करून बघू म्हटलं तर तिथे गेल्या आठवड्याचे चार मेल. माझं अमळनेरला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान, त्यामुळे ‘कॉम्प्युटरचं काम’ म्हटलं की सगळी बोटं माझ्याकडे वळतात. म्हटलं, नाना, पत्ते काढायचं काम अर्ध्या तासाचं आहे. संध्याकाळी येतो.

तीन संध्याकाळी गेल्या.

निमंत्रण पाठवायला आणि कोण येणार हे नोंदवायला आम्ही एक वेबसाइट घेतली होती. तिची अट साधी होती. एका ओळीत एक पत्ता, आणि नुसता पत्ता. नाव नको, कंस नको, स्वल्पविराम नको.

पहिल्या दिवशी मी नानांचा दिवाळीचा मेल उघडला, वरची नावं माउसने ओढून निवडली, कॉपी केली आणि नोटपॅडमध्ये चिकटवली. आलं काय? ‘बापू पाटील, सुनंदा, बापू, भाऊसाहेब, बापू पाटील.’ पत्ता एकही नाही. थंडरबर्डची ही सवय मला माहीत नव्हती. माणूस तुमच्या ॲड्रेस बुकात असेल तर ते फक्त त्याचं नाव दाखवतं, पत्ता पोटात ठेवतं. सेटिंगमध्ये ‘ॲड्रेस बुकातल्या माणसांचं फक्त नाव दाखवा’ अशा अर्थाची एक खूण असते, आणि ती मुळातच लावलेली येते. वाचताना बरं दिसतं. पण आमच्या खानदेशात नावावर काय कळतं? घरटी एक बापू, एक नाना, एक आप्पा. कागदोपत्री नाव रेशन कार्डापुरतं. नानांनीही ॲड्रेस बुकात तसंच लिहून ठेवलेलं. तीन बापू, त्यातले दोन पाटील.

ती खूण काढल्यावर पत्ते दिसू लागले. मग सापडलं की नावावर उजवं बटण दाबलं की यादी उघडते. त्यात एक ‘कॉपी ईमेल ॲड्रेस’ आणि त्याच्याच शेजारी ‘कॉपी नेम अँड ईमेल ॲड्रेस’. पहिलं घेतलं तर नुसता पत्ता येतो, स्वच्छ. दुसरं घेतलं तर नाव, मग < आणि > या टोकदार कंसांत पत्ता. पाच-दहा पत्ते हवे असतील तर पहिलं दाबा आणि पुढचं वाचूच नका, काम झालं. मला दोनशेच्या वर हवे होते. पंचविसाव्या उजव्या क्लिकला माझं मनगट बोललं.

ते कंस कुणाचा खोडसाळपणा नव्हे. नाव बाहेर आणि पत्ता कंसात, ही लिहिण्याची रीत १९८२ च्या आरएफसी ८२२ या मानकात आहे आणि आजही चालते. मेल प्रोग्रामला ती कळते. आमच्या वेबसाइटला कळत नव्हती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी शहाणा होऊन ॲड्रेस बुकच एक्सपोर्ट करायचं ठरवलं. बुकावर उजवं बटण, एक्सपोर्ट, सीएसव्ही, म्हणजे रकान्यांची साधी मजकूर-फाइल. इथे फाइलचा प्रकार विचारतात तेव्हा ‘सिस्टिम कॅरॅक्टर सेट’ आणि ‘यूटीएफ-८’ असे दोन पर्याय असतात. दुसऱ्यात देवनागरी नीट टिकते. मी घाईत वरचा घेतला. नानांनी निम्मी नावं देवनागरीत लिहिलेली, ती उघडून बघतो तर प्रश्नचिन्हांची रांग. नाना चष्मा वर करून म्हणाले, “हाई काय शे रे भो? समदा प्रश्नच शेतस.” पुन्हा एक्सपोर्ट केलं, या वेळी यूटीएफ-८, आणि लिबरऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्या प्रोग्राममध्ये उघडताना तिथेही यूटीएफ-८ निवडलं. नावं जागेवर आली.

त्या फाइलीत रकाने भरमसाट. आडनाव, टोपणनाव, फॅक्स, घरचा पत्ता, बरेचसे रिकामे. ‘प्रायमरी ईमेल’चा रकाना उचलला आणि खूश होऊन उठणार, तोच शेजारचा ‘सेकंडरी ईमेल’ दिसला. त्यात चौदा पत्ते. कुणी नोकरी बदलली की नाना नवा पत्ता तिथे टाकायचे, जुना तसाच ठेवून. म्हणजे चौदा माणसांचा चालू पत्ता दुसऱ्या रकान्यात होता आणि मी मेलेला पत्ता घेऊन निघालो होतो.

आणखी एक फट राहिली होती. ‘कलेक्टेड ॲड्रेसेस’ नावाचं एक बुक थंडरबर्ड आपोआप भरतं, पण आपण ज्यांना मेल पाठवतो त्यांचंच. ज्यांनी नानांना स्वतःहून लिहिलं आणि नानांनी फोनवरच उत्तर दिलं, ते त्यात नाहीत. ते इनबॉक्समध्येच. त्यासाठी ‘इंपोर्ट-एक्सपोर्ट टूल्स एनजी’ हे ॲड-ऑन, म्हणजे थंडरबर्डला लावायचं जोड-साधन, टाकलं. त्याने अख्ख्या फोल्डरची सूची सीएसव्हीत निघते. विषय, पाठवणारा, कुणाला पाठवला, तारीख. इथे काकूंनी चहा आणि मुरमुरे-शेव आणले. नेमकी त्याच वेळी लाइट गेली. यूपीएस दहा मिनिटं ओरडला. फाइल मी सेव्ह केलेली होती, हे माझ्याच पुण्याईने.

आता मुख्य घोळ सांगतो.

सूचीतल्या रकान्यात कंसवाले पत्ते. मी कॅल्कमध्ये कंट्रोल-एच दाबलं, ‘रेग्युलर एक्सप्रेशन्स’वर, म्हणजे खुणांनी शोधायच्या सोयीवर, टिक केली. शोधायचं .*< आणि त्याजागी काही नाही. म्हणजे उघडत्या कंसापर्यंतचं सगळं साफ. मग >.* म्हणजे बंद कंस आणि पुढचं साफ. (एक्सेलमध्ये टिंब लागत नाही, नुसती चांदणी पुरते.) धडाधड रकाना स्वच्छ झाला. नानांना दाखवला. नाना बोटाने मोजत खाली आले आणि थांबले. “दिवाळीना मेल सतरा जणसले धाडेल व्हता. आठे एकच कसा?”

बरोबर होतं. त्या एका चौकटीत सतरा पत्ते होते. .* हा प्रकार हावरट आहे. पहिल्या कंसाला थांबत नाही, शेवटच्या कंसापर्यंत सगळं गिळतो. सोळा माणसं खाऊन एक ठेवला. आणि सगळ्या सामूहिक मेलांचं तसंच झालेलं. चूक माझी, कारण आधी तोडायचं आणि मग सोलायचं. मी उलटं केलं होतं.

पण तोडायचं कुठे? स्वल्पविरामावर, असं कुणीही म्हणेल. मीही तेच केलं आणि आणखी फसलो, कारण एका सरकारी नोकरीतल्या पोराच्या ऑफिसने त्याचं नाव ‘पाटील, बापू’ असं लावलेलं. आडनाव आधी, मग स्वल्पविराम. त्याचे दोन तुकडे झाले. मग सुचलं की खरा जोड कंसानंतरचा स्वल्पविराम आहे. नावातल्या स्वल्पविरामाच्या आधी कंस येतच नाही. सगळा मजकूर नोटपॅड प्लस प्लसमध्ये नेला. तिथे बदलण्याच्या खिडकीत ‘एक्स्टेंडेड’ हा प्रकार निवडायचा, शोधायचं ‘>,’ म्हणजे बंद कंस आणि स्वल्पविराम, आणि त्याजागी > आणि नवी ओळ. नवी ओळ म्हणजे उलटी तिरपी रेघ आणि इंग्रजी छोटा एन. एका झटक्यात एका ओळीत एक माणूस. ज्यांना नावच नव्हतं, नुसता पत्ता होता, ते सात-आठ चिकटून राहिले. ते हाताने सोडवले. त्यानंतर मघाचं सोलणं चाललं, कारण आता ओळीत कंसाची एकच जोडी होती.

आउटलुकवाल्यांसाठी एक गोष्ट. तिथे दोन पत्त्यांच्या मधे स्वल्पविराम नसतो, अर्धविराम असतो. एका मित्राने पुण्याहून त्याच्या तुकडीची यादी तशी पाठवली आणि थोडा वेळ माझं डोकं चालेना. तिथे ‘>;’ म्हणजे बंद कंस आणि अर्धविराम शोधलं.

पुढचं पटकन. मागच्या-पुढच्या रिकाम्या जागा ट्रिमने काढल्या, सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत केलं, नाहीतर तोच पत्ता एकदा इंग्रजी मोठ्या जीने आणि एकदा छोट्या जीने दोनदा मोजला जातो. मग डेटा, स्टँडर्ड फिल्टर, ‘नो डुप्लिकेशन्स’. तीनशे अठ्ठावीस ओळींच्या एकशे एक्क्याण्णव झाल्या.

हे मशीनचं झालं. तिसरी संध्याकाळ नानांची होती. मी ओळ वाचायची, नानांनी माणूस सांगायचा. पत्त्यातल्या जन्मसालावरून, आकड्यावरून, कधी कंपनीच्या नावावरून. “हाई सुनंदा नही, तिन्ही नणंद शे.” “हाऊ सुरतवाला, टेक्स्टाइलमा शे.” एका ओळीला ते गप्प झाले. मग हळू म्हणाले, “त्याले जाई दोन वरीस व्हयनात.” मी ओळ पुसायला गेलो, तर म्हणाले, राहू दे, ॲड्रेस बुकात राहू दे, यादीतून काढ. तसंच केलं.

वेबसाइटने एकशे अठ्ठ्याऐंशी पत्ते पहिल्या झटक्यात घेतले. दोन नाकारले. त्यांच्या शेवटी टिंब राहिलं होतं, वाक्यातून कॉपी केल्याची खूण. दिसत नाही असं नाही, पण डोळा त्याला पूर्णविराम समजून पुढे जातो.

नानांना मात्र स्वतःच्या मेलनेही निमंत्रण द्यायचं होतं, वेबसाइटच्या मेलला ते मेल मानत नाहीत. तेव्हा तीच यादी थंडरबर्डमध्ये बीसीसीत, म्हणजे इतरांना न दिसणाऱ्या रकान्यात, चिकटवली, ‘टू’मध्ये नानांचा स्वतःचा पत्ता. ‘टू’मध्ये सगळे टाकले असते तर एकमेकांचे पत्ते सगळ्यांना वाटले गेले असते, आणि कुणीतरी ‘रिप्लाय ऑल’ केलंच असतं. हल्लीच्या थंडरबर्डमध्ये प्रत्येक पत्त्याची गोळी होते आणि चुकीचा असेल तर ती लाल दिसते. लाल एकही नव्हती. चाळीस-चाळीसच्या तुकड्यांनी पाठवलं, एकदम नाही. सहा परत आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गर्दी असताना नानांचा फोन. उत्तरं यायला लागली होती. त्यांनी एक वाचून दाखवलं. “नाना, नक्की येतो. बायकोला आणि पोरांनाही आणतो. तुमचा बापू.”

म्हटलं, नाना, कोणता बापू?

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग माउसचा आवाज. “थांब,” नाना म्हणाले, “उजवं बटन दाबी राहिनू.”