टोपी नीट बसली पाहिजे : आमची वाटचाल

आमच्या धंद्याची सुरुवात मालवण बंदरात झाली. ट्रॉलरवरचे वायरलेस सेट, जीपीएस, मासे शोधायचे फिशफाइंडर दुरुस्त करायचे, एवढंच काम. वडिलांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, त्यातच एका बाजूला टेबल टाकून मी हे सुरू केलं. होडीवरचं यंत्र आतून क्वचितच बिघडतं. बिघडतो तो जोड. खाऱ्या हवेनं तांब्यावर हिरवा थर चढतो, पिन ढिली होते आणि तांडेल येऊन सांगतो, "सेट मेलो." कनेक्टर साफ करून, नीट सील करून दिला की तोच सेट पुन्हा बोलायला लागतो. आधी जोड बघायचा, मग यंत्र उघडायचं, ही सवय तिथे लागली. आज आम्ही मेंदूतल्या रक्ताचा बदल प्रकाशानं मोजायच्या टोप्या बनवतो, ते कामही त्याच सवयीवर उभं आहे.

पुढे आजूबाजूच्या डॉक्टरांची यंत्रं येऊ लागली. नेब्युलायझर, ईसीजी, बीपीची मशिनं. २०२० आणि २०२१ मध्ये घरोघरी ऑक्सिमीटर आले आणि आमच्या टेबलावर त्यांचा ढीग लागला. बोटाला लावायच्या त्या चिमट्यात दोन प्रकाश असतात, एक ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा आणि दुसरा ९४० च्या आसपासचा, डोळ्यांना न दिसणारा. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्या फरकातून रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का निघतो. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी ही युक्ती सत्तरच्या दशकात शोधली. न दिसणारा दिवा चालू आहे का हे आम्ही जुन्या मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघायचो. पडद्यावर जांभळट ठिपका दिसला की दिवा ठीक.

ऑक्सिमीटर दुरुस्त करणारे म्हणून आमचं नाव एका संशोधक मॅडमच्या कानावर गेलं. अर्धांगवायूतून उठलेल्या माणसांचा मेंदू घरच्या घरी कसा काम करतो, याचा त्या अभ्यास करत होत्या. त्यांच्याकडे पाठीवर घेता येईल एवढं परदेशी यंत्र होतं, त्याला जोडलेली टोपी आणि टोपीत दिवे आणि सेन्सर. प्रयोगशाळेत उत्तम चालायचं, गावात नेलं की सिग्नलमध्ये नुसता गोंधळ. कंपनीचा माणूस फोनवर सॉफ्टवेअरबद्दल सांगत होता. मी टोपी उलटी करून बघितली.

डोक्यावरून प्रकाश सोडून मेंदूतल्या रक्ताचा बदल मोजायच्या या तंत्राला एफनिर्स (fNIRS) म्हणतात. ६५० ते ९५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात शरीर प्रकाशाला वाट देतं. त्याच्या खाली हिमोग्लोबिन प्रकाश गिळून टाकतं, वर पाणी. अंधारात तळहाताखाली टॉर्च धरला की बोटं लाल दिसतात ती याच कारणानं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात फ्रान्स योबसिस यांनी १९७७ मध्ये दाखवून दिलं, की असा प्रकाश कवटीतूनही आत जाऊन परत येतो आणि मेंदूतल्या ऑक्सिजनची खबर आणतो. डोक्यावर एका ठिकाणी दिवा आणि साधारण ३ सेंटिमीटरवर सेन्सर ठेवला, तर मधल्या भागात प्रकाश केळ्याच्या आकाराची वाट घेतो आणि दीड-दोन सेंटिमीटर खोल जाऊन वर येतो. म्हणजे मेंदूचा फक्त वरचा थर कळतो. खोल भागाचं यातून काही दिसत नाही.

मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथे रक्त धावतं, आणि लागतं त्यापेक्षा जास्तच धावतं. त्यामुळे ऑक्सिजन असलेलं हिमोग्लोबिन वाढतं, नसलेलं थोडं घटतं. ७६० आणि ८५० नॅनोमीटरच्या जोडीनं हे दोन्ही वेगळे मोजता येतात. बोट हलवायला सुरुवात केल्यावर हा चढ पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोचतो. मेंदूचं काम टिपणारा एमआरआयसुद्धा (एफएमआरआय) रक्ताचा हाच बदल पकडतो, आणि जास्त बारकाईनं पकडतो. पण एमआरआय वाडीवर नेता येत नाही, आणि त्याच्या बोगद्यात माणसाला चालायला सांगता येत नाही.

मॅडमच्या टोपीचा दोष साधा होता. ती बारीक, भुऱ्या केसांच्या डोक्यांसाठी बनली होती. आपल्याकडे केस काळे आणि दाट, त्यात बायकांचे लांब, वेणी किंवा अंबाडा घातलेले. काळा केस प्रकाश शोषतो. सेन्सर केसांवर बसला तर त्वचेपर्यंत काही पोचतच नाही. तेल असलं की टोपी सरकते, ती वेगळी. आणि पडवीत बसवलं तर उन्हाची तिरीप थेट सेन्सरवर.

आम्ही त्यांच्याबरोबर कुडाळजवळच्या एका घरी गेलो. आजींच्या डाव्या हातात अजून पूर्ण जोर आला नव्हता. मी टोपी घेऊन पुढे झालो तर त्यांनी विचारलं, "माझ्या डोक्यातला सगळा दिसतला काय रे तुका?" म्हटलं, "नाय गो आजी, खय रक्त वाढला ताच दिसता." त्यावर त्या मोकळ्या हसल्या आणि स्वतःच अंबाडा सोडला. त्यांच्या सुनेनं कंगव्याच्या टोकानं प्रत्येक सेन्सरखाली भांग पाडला, आणि ते काम तिनं आमच्यापेक्षा कितीतरी सफाईनं केलं. वरून काळ्या कापडाची दुसरी टोपी चढवली. मग पडद्यावर कच्च्या सिग्नलमध्ये बारीक लहर दिसू लागली, सेकंदाला एकीच्या आसपास. ते आजींच्या हृदयाचे ठोके. ठोके दिसले म्हणजे प्रकाश त्वचेला नीट भिडलाय. आमच्याकडे आजही हाच नियम आहे, ठोके दिसल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरू करायचं नाही.

तिथून आम्ही टोप्या बनवायला लागलो. कुडाळ एमआयडीसीत छोटी शेड घेतली. टोपीला भांग पाडण्यासाठी खिडक्या ठेवल्या, सेन्सरच्या टोकाला स्प्रिंग दिली, म्हणजे केस बाजूला केल्यावर टोक आपसूक त्वचेवर टेकतं. पावसाळ्यात टोपीच्या निओप्रीनला, म्हणजे रबरी कापडाला, बुरशी धरते, म्हणून अस्तर सुटं केलं, धुऊन वाळवता येईल असं. कनेक्टर आम्ही होडीवरच्यासारखेच सील करतो. शिवणकाम करणाऱ्या ताई पूर्वी गणवेश शिवायच्या. कानाच्या वर टाके कुठे घ्यायचे, म्हणजे तासभर घातली तरी टोपी रुतणार नाही, हे त्यांनी आम्हाला शिकवलं.

दुसरं उत्पादन म्हणजे यंत्राच्या तपासणीचे ठोकळे, आणि माझा जास्त जीव त्यांच्यावर आहे. सिलिकॉनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड आणि अगदी थोडं काळं रंगद्रव्य मिसळून ठोकळा ओततात. पांढऱ्यानं प्रकाश विखुरतो, काळ्यानं शोषला जातो. प्रमाण जमलं की ठोकळा प्रकाशापुरता मेंदूच्या भागासारखा वागतो. फरक एवढाच की त्यात रक्त वाहत नाही, त्यामुळे त्याच्यावरचं रीडिंग हललं तर दोष यंत्राचा. दिवे तापेपर्यंत रीडिंग सरकतं, तेही यावरच कळतं. ओतताना हवेचे बुडबुडे राहिले तर ठोकळा वाया, म्हणून मिश्रण आधी व्हॅक्यूममध्ये ठेवावं लागतं. रबरी हातमोजे घालून हे सिलिकॉन हाताळायचं नाही, लॅटेक्समधल्या गंधकानं ते घट्टच होत नाही, चिकट राहतं. मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा केलेल्या दोन मुली आता हा विभाग बघतात. प्रत्येक ठोकळ्याची नोंद त्यांच्या वहीत असते आणि त्या वहीत सही झाल्याशिवाय माल बाहेर जात नाही.

मध्यंतरी एक क्लासवाले आले होते. मुलांच्या डोक्याला टोपी लावून बुद्धिमत्तेचा दाखला छापून द्यायचा, अशी त्यांची योजना, आणि पैसेही भरपूर देत होते. आम्ही नाही म्हटलं. एकट्या मुलाच्या कपाळाचं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग घेऊन त्याची हुशारी सांगता येत नाही. श्वास, रक्तदाब, कपाळाच्या त्वचेतलं रक्त, सगळंच त्या सिग्नलमध्ये मिसळलेलं असतं. दहा सेकंदांच्या अंतरानं येणारी रक्तदाबाची एक संथ लाट तर इतकी ठळक असते की नवख्याला तीच मेंदूची हालचाल वाटावी. हे वेगळं काढायला एकच कृती पुन्हा पुन्हा करून घ्यावी लागते, मधे विश्रांती द्यावी लागते, बऱ्याच माणसांची सरासरी बघावी लागते. आईबापांच्या काळजीवर असा कागद विकणं मला मान्य नाही. अशी विचारणा आजही आली तरी उत्तर तेच.

आपल्या माणसांवर हे काम व्हायला हवं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. उत्तर प्रदेशात शिवगढच्या खेड्यांमध्ये लहान मुलांच्या स्मरणशक्तीचा या तंत्रानं अभ्यास झाला. आफ्रिकेत गांबियातल्या केनेबा गावात बाळांच्या मेंदूची वाढ याच प्रकाशानं तपासली गेली. गडद त्वचेत प्रकाश जास्त शोषला जातो, दाट केसांत सिग्नल मिळत नाही, म्हणून अशी माणसं अभ्यासातून गळत गेली, तर मेंदूबद्दलचं ज्ञानच अपुरं राहील. टोपीचा प्रश्न सोडवणं हा त्यावरचा इलाज आहे आणि तो आमच्या आवाक्यातला आहे.

सध्या जवळच्या सेन्सरवर काम चालू आहे. दिव्यापासून ८ मिलिमीटरवर बसणारा हा सेन्सर फक्त त्वचेतलं रक्त बघतो, मग लांबच्या सेन्सरमधून तेवढा भाग वजा करता येतो. एवढ्याशा जागेत दिवा आणि सेन्सर बसवताना मधून प्रकाश सरळ झिरपतो, तो अडवायला काळी सिलिकॉनची भिंत ओतून बघतोय. लहान मुलांच्या मापाच्या टोप्यांचा पहिला गठ्ठा दिवाळीनंतर तयार होईल. संशोधकांना आधी ठोकळा आणि टोपी वापरून बघायला पाठवतो, पैसे नंतर. परत पाठवताना कच्चं रेकॉर्डिंगही सोबत द्यावं, एवढीच विनंती असते. ठोके कुठल्या सेन्सरवर दिसले नाहीत ते त्यातून कळतं आणि पुढच्या टोपीत ती जागा दुरुस्त करता येते.