टळलेलं युद्धही तुलनेत घ्या

मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर हरताळ मुंबईतही झाले, पण मार्शल लॉ लागला तो सोलापुरात. असं का, हे नुसतं सोलापूर वाचून कळत नाही. शेजारी मुंबई मांडावी लागते. आंतरराष्ट्रीय संबंधांतली तुलनात्मक इतिहासाची पद्धत याच पायावर उभी आहे.

एम.ए.च्या प्रबंधाला मात्र 1914, 1939 (दोन महायुद्धं), 1950 (कोरियाचं युद्ध) अशी नुसती युद्धंच घेतली जातात आणि तिथेच घोळ होतो. तिन्हीकडे शस्त्रस्पर्धा सापडते, म्हणून तेच कारण ठरवून मोकळं व्हायचं. पण शस्त्रस्पर्धा शांततेच्या वर्षांतही होतीच की!

माझ्या मते शिकण्यासाठी उत्तम जोडी म्हणजे ऑक्टोबर 1913 आणि जुलै 1914. दोन्हीकडे ऑस्ट्रिया-हंगेरी विरुद्ध सर्बिया, पाठीराखेही तेच. 1913 मध्ये व्हिएन्नाने, म्हणजे ऑस्ट्रियाच्या सरकारने, अल्बेनियातून सैन्य काढायला आठ दिवस दिले, सर्बियाने ते काढलं आणि युद्ध टळलं. 1914 मध्ये मुदत होती 48 तासांची, आणि युद्ध पेटलं. मग फरक कशाने पडला? 'जर्मनीचा बिनशर्त पाठिंबा' हे पाठ झालेलं उत्तर इथे अपुरं पडतं, कारण 1913 मध्येही बर्लिन व्हिएन्नाच्या पाठीशी होतं. आता मागण्या बघा. परक्या भूमीतून माघार घेणं सर्बियाला झेपण्यासारखं होतं. 1914 ची मागणी, ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांडच्या हत्येच्या आपल्याच देशातल्या तपासात ऑस्ट्रियाचे अधिकारी घेणं, तशी नव्हती. शिवाय युद्धाला विरोध करणारा हा युवराजच आता हयात नव्हता. या दोहोंत कशाचं वजन जास्त, हे एका जोडीवरून ठरत नाही. त्यासाठी 1909 चा बोस्नियाचा पेच (ऑस्ट्रियाने बोस्निया आपल्या राज्यात जोडून घेतल्यावरचा, युद्धाविना मिटलेला) तिसरा घ्या आणि त्यालाही तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारा. प्रकरणागणिक प्रश्न बदलले की तुलना संपली.

त्यानंतर प्रत्येक प्रकरणातल्या पत्रांचा-तारांचा तक्ता करा: तारीख, वेळ, कोणी लिहिलं, कोणाच्या हाती कधी पडलं. शेवटचा रकाना अजिबात गाळू नका. सर्बियाचं उत्तर 25 जुलैच्या संध्याकाळी दिलं गेलं. कैसरने (जर्मनीच्या सम्राटाने) ते 28 ला सकाळी वाचलं आणि युद्धाचं कारणच उरलं नाही असा शेरा मारला. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं. नुसत्या तारखा लिहिल्या तर कैसरला सगळं आधीच ठाऊक होतं असं वाटतं, आणि त्यावर रचलेला निष्कर्ष चुकतो.